आधी पाणी

बाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी पाणी मागत. बाळ कसं आहे, हे विचारायच्या कितीतरी आधी. बाहेर बर्फ पडत असो, घरमालकीण चहाची किटली हातात घेऊन उभी असो, बाईंचं ठरलेलं. "चहा नको. नळाचं पाणी चालेल." इंग्रजी घरात हेच इंग्रजीत, सोमाली घरात तेवढ्यापुरत्या उचललेल्या सोमालीत. ऑफिसात यावरून त्यांची भरपूर चेष्टा चाले. कुणी म्हणे साखरेचा आजार असणार, कुणी म्हणे नवीन डाएट. एका ख्रिसमसला सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांना एक महागडी पाण्याची बाटली भेट दिली. बाईंनी ती टेबलावर ठेवली, तिच्यात पेनं खोचली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच घरात पाणी मागितलं.

मी त्यांची विद्यार्थिनी. पुण्यात नर्सिंग करून, लंडनच्या एका हॉस्पिटलात वॉर्डात उभं राहून राहून पायांच्या शिरा फुगल्यावर, मी हेल्थ व्हिजिटर व्हायचं ठरवलं. हेल्थ व्हिजिटर म्हणजे घरोघरी जाऊन बाळांना आणि त्यांच्या आयांना भेटणारी नर्स. ते शिक्षण वर्षभराचं असतं आणि ते सगळं वर्ष एका अनुभवी नर्सच्या मागे मागे हिंडायचं असतं. माझ्या नशिबी बाई आल्या. ऑफिसात सगळे त्यांना नावाने हाक मारत. मला ते कधी जमलं नाही. आईच्या वयाच्या बाईला नुसतं नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभच वळेना.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "वॉर्डात पेशंट तुझ्याकडे येते. कपडे बदलते, पलंगावर पडते, तुझं ऐकते. इथं तू त्याच्याकडे चालली. तो दार उघडेलच असं काही नाही. म्हणून इथं आधी दाराची नर्स व्हायचं."

बाई नागपूरच्या. इतकी वर्षं इंग्लंडात काढून त्यांची मराठी तसूभर हलली नव्हती. रंग गव्हाळ, उंची बेताची, केस कापलेले आणि पूर्ण पांढरे. बाळाचं वजन करायचा काटा त्या चौकड्यांच्या कापडाच्या, चाकं असलेल्या पिशवीत घालून ओढत नेत. म्हाताऱ्या बायका बाजारातून बटाटे आणतात तसली पिशवी. गाडी चालवता येत असून त्या बसनेच हिंडत. "गाडीतून रस्ता दिसते, गल्ली नाही दिसत," असं त्यांचं म्हणणं. बेल वाजवली की त्या फाटकापर्यंत मागे सरकून उभ्या राहत, म्हणजे आतल्या माणसाला पडद्याआडून नीट बघता यावं कोण आलंय ते. आत गेल्यावर सोफ्यावर बसायच्या नाहीत. इथल्या घरांत दार उघडलं की समोरच जिना असतो. त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायच्या, बूट काढून, ऐसपैस. सोफ्यावर माणूस पाहुणा होतो, पायरीवर घरचा होतो, असं त्यांना वाटे. आणि पुष्कळ घरांत ते खरंच व्हायचं.

बाळांना त्या अहो-जाहो करत. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. जेमतेम मूठभर जीव, आणि बाई त्याच्यासमोर वाकून म्हणतायत, "काय साहेब, तब्येत काय म्हणते? दूध वेळेवर मिळून राहिलं ना?" इंग्रजी बाळांना सर आणि मॅडम. आईला मात्र अगं-तुगं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "साहेबांची काळजी करायला सगळे आहेत. साहेबांना मान दिला की झालं. आईला मान नको असते, तिला कोणीतरी आपलं पाहिजे असते."

बाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. शोकसभेला हॉल पुरला नाही. त्यांच्या विहारातली माणसं होती, आमचं ऑफिस होतं, आणि मागे भिंतीला टेकून कितीतरी बायका उभ्या होत्या, वेगवेगळ्या रंगांच्या, आपापली ताडमाड वाढलेली पोरं बरोबर घेऊन. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, घरबांधणी खात्यातला एक निवृत्त साहेबही आला होता. तो का आला ते त्यानेच सांगितलं. एका जुन्या इमारतीत तीन-चार घरांतली बाळं एकसारखी खोकत होती. भिंतींना काळी बुरशी. बाईंनी तक्रारी करून झाल्या, पत्रं पाठवून झाली. शेवटी या साहेबाला त्या "फक्त बघायला" म्हणून घेऊन गेल्या, सगळ्यात वाईट खोलीत खुर्चीवर बसवलं, खिडकी लावून घेतली आणि "बसा हं, मी चहा आणते" म्हणून निघून गेल्या. चहा काही येईना. साहेब खोकायला लागल्यावर बाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "आता दिसली का बुरशी?" त्या उन्हाळ्यात अख्ख्या इमारतीची डागडुजी झाली. हे सांगताना तो म्हातारा हसत होता आणि त्याचे डोळे गळत होते.

"आपण पेशंटच्या नर्सा नाही, गल्लीच्या आहोत," असं बाई नेहमी म्हणत. एक बाळ खोकलं की बाळाला औषध द्यायला डॉक्टर आहेत. चार बाळं खोकली की भिंत बघायची. त्यांना आजारापेक्षा आजाराच्या आधीचं सगळं दिसायचं. आणि जे टळलं त्याचं श्रेय कुणीच देत नाही, हे त्या पूर्ण ओळखून होत्या.

एका भाद्रपदात आमच्या भागात गोवर पसरला. बाई मराठी मंडळाच्या गणपतीला गेल्या. बाई बौद्ध, आरतीला उभ्या राहणाऱ्यातल्या नव्हेत. त्या हॉलच्या बाहेर, जिथे सगळे चपला काढतात तिथे, चपलांच्या ढिगाऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला विचारायला लागल्या, पोरांना गोवराची लस झाली का. "हो हो, इंडियात झालीये," असं जो तो सांगे. "केव्हा?" "नवव्या महिन्यात." आणि तिथेच सगळे फसलेले. भारतात नवव्या महिन्यात देतात ती लस इथे मोजत नाहीत, वर्षानंतर पुन्हा घ्यावी लागते, हे नव्याने आलेल्यांपैकी फार कुणाला ठाऊक नव्हतं. कार्यकारिणीतले एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो मॅडम, निदान गणपतीच्या दारात तरी हे नको!" बाई म्हणाल्या, "गणपतीशी माझं काही काम नाही. तुमच्या पोट्ट्यांशी आहे." त्यातली पुष्कळ मुलं त्या आठवड्यात क्लिनिकमध्ये हजर झाली.

नियमांना बाई भारी पक्क्या. त्यातला एक नियम उष्ट्याचा. बाळाला कुणाचंही उष्टं द्यायचं नाही, मोठ्यांच्या तोंडातले जंतू बाळाच्या तोंडात जातात. आमच्या आज्या मऊ भात आधी स्वतःच्या जिभेवर ठेवून बघतात, इंग्रज आज्या जमिनीवर पडलेलं चोखणं स्वतः चाटून बाळाच्या तोंडात देतात. दोघींनाही बाई सारख्याच फैलावर घेत. "आजीचं नको, आईचं नको, राजा आला तरी राजाचं नको," हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मीच ते पुढे म्हणायला लागले.

हे सगळं सांगितलं ते अनुजाच्या घरात काय झालं ते कळावं म्हणून. अनुजा हे तिचं खरं नाव नाही. घर लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला होतं, एवढंच सांगते. तिथे तशी घरं पुष्कळ आहेत. नवरा भल्या सकाळी ट्रेन पकडून सिटीत, बँकांच्या भागात, जाणारा, पहिली मुलगी झालेली, आणि बाळंतपणासाठी पुण्याहून सासूबाई आलेल्या. दार उघडलं आणि तुपाचा नि ओव्याच्या धुरीचा वास आला. मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. सासूबाई अतिशय कष्टाळू होत्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळाचं मालीश, सगळं एकहाती चाललेलं. अनुजा खुर्चीत बसली होती, कानाला रुमाल बांधून, आणि आम्ही तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सासूबाई देत होत्या.

"अनुजा, झोप लागते का गं?"

"लागते की. चांगली घोरते," सासूबाई म्हणाल्या.

"जेवण?"

"मी बसून जेवायला घालते. पानात काही टाकू देत नाही."

अनुजा बाळाकडे बघत होती. खरं म्हणजे बाळाच्या जरा बाजूला बघत होती.

बाईंनी पाणी मागितलं. सासूबाई ओशाळल्या. "अगंबाई, साधं पाणीसुद्धा विचारलं नाही मी!" लगबगीने आत गेल्या आणि ट्रेमध्ये स्टीलचे दोन लखलखीत ग्लास घेऊन आल्या. ट्रे खाली ठेवता ठेवता त्यांनी माझं नाव विचारलं. माझं आडनाव पुण्यात कुणाला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. लगेच ओळखीपाळखी निघाल्या, त्यांच्या मावशीचं घर आमच्या गल्लीत निघालं. मग त्यांनी बाईंकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही?"

बाईंनी पूर्ण नाव सांगितलं.

"नागपूरच्या का? म्हणजे..."

"बौद्ध," बाई म्हणाल्या. आज थंडी आहे म्हणावं, तसं.

"हो का. छान छान," सासूबाई म्हणाल्या. "पाणी फार गार वाटतंय, नाही का? थांबा, बदलून आणते." आणि ट्रे उचलून त्या आत गेल्या. स्वयंपाकघरात स्टूल ओढल्याचा आवाज आला, कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा ट्रेमध्ये माझ्यासाठी तोच स्टीलचा ग्लास होता आणि बाईंसाठी कागदी कप. बारशाला आणलेल्यातला उरलेला, गुलाबी टेडीबेअरवाला.

मी ग्लासाला हात लावला नाही. बाईंनी कप उचलला, सगळं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मस्त. अजून थोडं मिळेल?"

बसमध्ये मी धुमसत होते. बाईंनीच विषय काढला.

"तू काऊन नाही प्यायली पाणी?"

"बाई, तुम्हाला दिसलं नाही का?"

"दिसलं न. टेडीबेअर होता त्याच्यावर."

"आणि वर तुम्ही आणखी मागितलंत!"

"पुढच्या वेळी तू पण पी. तुझ्या उपासाने तिला काही कळत नाही. फक्त तुला बरं वाटते." मग त्या खिडकीबाहेर बघत, हळू आवाजात म्हणाल्या, "स्टीलचा ग्लास ओट्यावर स्टँडमध्येच असते. हात लांबवला की झालं. कागदाचा वरच्या कपाटात. स्टूल ओढावं लागते, चढावं लागते, पाकीट सोडावं लागते. तोवर ती पोट्टी आपल्याजवळ एकटी असते. स्टीलच्या पाण्यात मला एखादी गोष्ट विचारता आली असती. कागदाच्या पाण्यात दोन-तीन विचारता येतात."

खरंच, सासूबाई आत असताना बाईंनी अनुजाला विचारलं होतं, जेवण जातं का. अनुजा म्हणाली होती, "कशाचीच चव लागत नाही." इतकंच. मग पाणी आलं होतं.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, समोरच्या म्हातारीने वळून बघितलं.

बाईंनी पिशवी पायांशी ओढून घेतली. "माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर मारलं होतं," त्या म्हणाल्या. "ओंजळभर पाण्यासाठी. त्याचं कोपर शेवटपर्यंत सरळ झालं नाही. त्याच वाकड्या हाताने तो मला कडेवर घ्यायचा. मला वाटत नसेल का? पण ते मी घरी जाऊन वाटून घेईन. मी आज तिथं भांडले असते तर ती सासू उद्या फोन करून म्हणाली असती, दुसरी नर्स पाठवा. आली असती दुसरी. तिला मराठी नसतं आलं, आणि सासूने सगळ्याची उत्तरं इंग्रजीत देऊन तिला वाटेला लावलं असतं. त्या पोट्टीच्या डोळ्यांत काही नाही, पाहिलंस का तू? अन्याय माझ्यावर झाला, हे खरंच आहे. पण जीव तिचा धोक्यात आहे. मला ते दार उघडं पाहिजे."

मला ते तेव्हा पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलंय असं नाही. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर विहारात गेले होते. भिंतीवर निळ्या कोटातल्या बाबासाहेबांचा फोटो, खाली पांढरी फुलं, मागे खिचडीचा वास. तिथे इथेच जन्मलेली, वकिली करणारी एक मुलगी बाईंना विचारत होती, "ताई, तुमच्या जॉबमध्ये कधी कास्टचा issue होतो?"

"होते कधी कधी," बाई म्हणाल्या.

"मग report करता ना? तुम्ही गप्प बसला तर तो लोक कधी शिकणार? It's your right, ताई. तो तुमचा हक्क आहे!"

"तू बरोबर आहेस बेटा," बाई म्हणाल्या. अनुजाच्या घराबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. एका घरातलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही, हाही त्यांचा नियम होता. पण परतताना बसचा त्यांचा थांबा मागे पडला तरी त्या उठल्या नाहीत.

बाळाचं वजन उत्तम होतं. इतकं उत्तम की ते पुन्हा करायची काही गरज नव्हती. तरीही बाई दर मंगळवारी काटा ओढत स्टॅनमोरला जात, पायरीवर बसत आणि पाणी मागत. आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला की त्या अनुजाकडे वळत. कप घेऊन सासूबाई आल्या की पुन्हा हवापाण्याच्या गप्पा. अनुजा थोडं थोडं बोलायला लागली होती. बाळ झोपलं तरी माझा डोळा लागत नाही, असं एकदा म्हणाली. पुढच्या मंगळवारी म्हणाली, "ही रडते ना, तेव्हा मला वाटतं तिला कळलंय."

"काय कळलंय?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात सासूबाई पाणी घेऊन आल्या.

बाईंनी पुढच्या मंगळवारची वाट बघितली नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही पुन्हा दारात. "मोजपट्टी विसरले की काय इथं," बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. मोजपट्टी त्यांच्या खिशात होती, मला वरून टोक दिसत होतं. सासूबाई पाणी आणायला आत गेल्या. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग एक कपाट उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. बारशाच्या कपांचं पाकीट संपलं असावं. स्टँडमध्ये स्टीलचे ग्लास चमकत असणार, आणि सासूबाई मात्र बाईंना देण्याजोगं दुसरं काही शोधत होत्या. शोधत राहिल्या. आयुष्यात मला कुणाच्या सोवळ्याचा उपयोग झालेला दिसला असेल तर तो त्या सकाळी.

अनुजा बाळाला घेऊन खालच्या पायरीवर बाईंशेजारी येऊन टेकली. आपणहून.

"काय कळलंय गं तिला?" बाईंनी विचारलं.

"की मी आई म्हणून बाद आहे. मी नसले तर तिला कुणीतरी चांगली मिळेल."

"नसले म्हणजे? मरून जायचं म्हणतेस का?"

हे असं सरळ विचारायचं असतं, विचारल्याने ते मनात येत नाही, उलट जे आधीच आत आहे त्याला बाहेर वाट मिळते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पायरीवर बसून कुणी विचारताना ऐकलं नव्हतं.

"हो," अनुजा म्हणाली. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

बाईंनी एका हाताने तिचा हात धरला. दुसऱ्या हाताने बाळ माझ्याकडे दिलं. सासूबाई बिनकानाच्या एका जुन्या मगमध्ये पाणी घेऊन आल्या, तेव्हा बाईंनी तो मग घेऊन पायरीवर ठेवून दिला. त्या दिवशी त्या पाणी प्यायल्या नाहीत. अनुजाचा हात त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडला नाही. फोन मी लावले, त्या सांगतील तसे. डॉक्टरांना, मानसोपचाराच्या टीमला, नवऱ्याला. नवरा ऑफिसातून धावत आला आणि कोट न काढता भिंतीला टेकून उभा राहिला.

सासूबाई बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "हे लोक बाळ काढून घेतात, मी ऐकलंय. काढून घेतील का हो?"

"कोणी नेत नाही बाळाला," बाई म्हणाल्या. "आई आणि बाळ दोघांना सोबत ठेवायचा वॉर्ड असते. बाळ आईजवळच राहते."

"मी काय कमी केलं हो हिला? काय कमी केलं?"

"काहीच कमी नाही केलं, काकू. हा आजार आहे. जसा ताप येते, तसाच. लाडवाने नाही जात, औषधाने जाते. तुम्ही आता तिचे चार कपडे भरा पाहू. बाळाचं झबलं-टोपडं भरा."

सासूबाई डोळे पुसत वर गेल्या आणि बॅग भरून आल्या. वर दोन लाडूही ठेवले होते.

अनुजा त्या वॉर्डात बरेच आठवडे होती. औषधं लागली, माणसं लागली, आणि वेळ लागला. मग ती घरी आली आणि हळूहळू तिच्या डोळ्यांत ती परत आली. बाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "एक सापडली," त्या म्हणाल्या. "न सापडलेल्या किती असतील, सांग बरं." त्यांनी लायब्ररीतल्या दोन खोल्या मागून घेतल्या. एका खोलीत बाळंतिणी आणि बाळं, दुसरीत त्यांच्या सासवा आणि आया, चहा-बिस्किटांसह. मधलं दार बंद. सासवांच्या खोलीत गप्पा मारायला मला बसवलं होतं. माझं आडनाव तिथे फार चालतं, असं बाई डोळे मिचकावत म्हणाल्या. तो लायब्ररीतला बुधवार आजही चालू आहे. त्यातून कितीजणी वेळेवर सापडल्या हे कुणी कधी छापणार नाही.

माझं शिक्षण संपत आलं होतं तेव्हा अनुजाच्या मुलीची वर्षाची तपासणी आली. त्या घरातली बाईंची शेवटची भेट. वाढदिवस आदल्याच दिवशी झाला होता, छताला फुगे तसेच होते, आणि नातीच्या वाढदिवसासाठी सासूबाई पुण्याहून पुन्हा आलेल्या. बाईंना बघून त्यांनी दोन्ही हात जोडले. "तुम्ही देवासारख्या आलात हो. सून परत दिलीत आम्हाला." त्यांनी एक रेशमी साडी पुढे केली. डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. ढोंग नव्हतं ते, अजिबात नव्हतं.

"आम्हाला काही घेता येत नाही काकू, नियम आहे," बाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "थोडं पाणी मिळेल?"

सासूबाई आत गेल्या. आणि स्वयंपाकघरात स्टूल ओढल्याचा आवाज आला.

मी बाईंकडे बघितलं नाही. मला बघवेना. अनुजाकडे बघितलं. तिनेही तो आवाज ऐकला होता, आणि एवढे महिने तो आवाज कशाचा होता ते तिला चांगलं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. कप आला. या वेळी टेडीबेअर नव्हता, गुलाबी रंगात एकचा मोठा आकडा छापलेला होता.

बाई अर्धं पाणी प्यायल्या. मग मुलीपुढे वाकल्या. "काय मॅडम, वर्षाच्या झालात! आता बिनझाकणाच्या कपाने पाणी पिता की नाही?"

"पिते ना," अनुजा म्हणाली. ती उठली, तिने बाईंच्या हातातला कप घेतला, त्यातलं उरलेलं पाणी, आणि मुलीच्या ओठांना लावला.

"अगं, अगं! उष्टं आहे ते!" सासूबाई ओरडल्या.

"हो," अनुजा म्हणाली. "बाईंचं आहे." मग ती सासूबाईंकडे वळली. "आई, आजपासून या घरात बाईंना ग्लासात पाणी मिळेल. नाहीतर मी यातच पिईन आणि हिलाही यातच देईन."

मुलगी गटागटा पीत होती. निम्मं पाणी फ्रॉकवर सांडत होतं. सासूबाई बदलल्या की नाही, मला माहीत नाही. त्या कपाकडे बघत उभ्या होत्या, एवढंच मी बघितलं.

आणि मी बाईंकडे बघितलं. आता त्या हात पुढे करतील, कप काढून घेतील, राजाचंही नको म्हणतील, याची मी वाट बघत होते. बाईंनी हात मांडीवर तसेच ठेवले होते. "सावकाश, मॅडम," त्या म्हणाल्या. "ठसका लागेल."

बसमध्ये त्या खिडकीजवळ बसल्या. चौकड्यांची पिशवी पायांमध्ये धरलेली.

"मी थांबवायला पाहिजे होतं," त्या एकदम म्हणाल्या.

"काय?"

"उष्टं. एवढ्या लहान पोरीला. त्यात मला सर्दी झालेली."

"बाई, तुम्हाला सर्दी नव्हती."

"आता झाली," त्या म्हणाल्या आणि रुमालात नाक शिंकरलं. डोळे पुसले. पुन्हा पुसले. "फोन करून सांग तिला, पुन्हा असं करू नको म्हणावं. बाळाला कोणाचंच उष्टं द्यायचं नाही."

मी पर्समधून फोन काढला, नंबर शोधला. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"आज नको," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस राहू दे."